‘बर्लिन अलेक्झांडरप्लात्झ’ चारचौघांत बसून कशी वाचावी

आल्फ्रेड ड्योब्लिनची १९२९ ची जर्मन कादंबरी ‘बर्लिन अलेक्झांडरप्लात्झ’ एकट्याने वाचायला घेतलेली जी माणसं मला भेटली, त्यातल्या बऱ्याच जणांचं गाडं दुसऱ्या भागात अडलं. पहिला भाग ओढून नेतो, कारण त्यात तुरुंगातून नुकताच सुटलेला एक माणूस आहे आणि आपण त्याच्या मागे मागे चालत राहतो. दुसऱ्या भागात एकदम शहराच्या सरकारी खात्यांची यादी येते, हवामान येतं, ट्रामचे थांबे येतात आणि तो माणूस गर्दीत दिसेनासा होतो. मग पुस्तक मिटलं जातं. आम्ही नाशिकरोडला, जेल रोडवरच्या एका घराच्या गच्चीवर काही जण जमून ती शेवटपर्यंत वाचली. तशी वाचायची असेल तर काय करावं, कोणाला कुठे त्रास होतो आणि तो झाला की कसं सांभाळावं, ते इथे लिहितो आहे.

मी एसटीतला माणूस. कंडक्टर म्हणून लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. शेवटची वर्षं नाशिकच्या सीबीएस या मुख्य स्टँडवर माइकसमोर गेली. स्टँडवर उसाच्या रसवाल्याची घंटी, लहान मुलाचं रडणं, पुण्याच्या गाडीची घोषणा, पाकीट मारलं म्हणून झालेली बोलाचाली, हे सगळं एकाच वेळी कानावर पडत असतं. प्रवासी त्यातून आपली गाडी तेवढी ऐकतो. बाकीचं कानावरून जाऊ देतो, पण ते जात असतं म्हणूनच तो स्टँड असतो. माझं सांगणं एवढंच आहे की ही कादंबरी डोळ्यांनी सोडवायला जाऊ नका, कानांनी वाचा. फ्रान्झ बिबरकोफ ही तुमची गाडी. ती लागेपर्यंत बाकीचं ऐकत बसा, समजलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

सुरुवात करताना पहिल्याच बैठकीत अख्खी गोष्ट सगळ्यांना सांगून टाका. फ्रान्झ पूर्वी सिमेंटकामावर आणि मालवाहतुकीत मजुरी करायचा. इडा नावाच्या आपल्या बाईला रागाच्या भरात मारून टाकल्याबद्दल टेगलच्या तुरुंगात चार वर्षं काढून तो बाहेर येतो. आता सरळ वागायचं, अशी शपथ घेतो. मग त्याच्यावर तीन घाव पडतात. ल्यूडर्स नावाचा ओळखीचा माणूस त्याच्या विश्वासाचा घात करतो. राइनहोल्ड नावाचा गुन्हेगार त्याला धावत्या मोटारीतून बाहेर ढकलतो आणि त्यात त्याचा उजवा हात जातो. आणि मीत्से ही त्याची जिवाभावाची मुलगी राइनहोल्डच्याच हातून मरते. शेवटी फ्रान्झ बूखच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचतो आणि तिथून निघून एका कारखान्याच्या फाटकावर सहायक दरवान म्हणून लागतो. हे सांगितल्याने काही बिघडत नाही, कारण लेखकच सांगतो. कादंबरीचे नऊ भाग आहेत, आणि सगळ्यात आधी व मग प्रत्येक भागाच्या तोंडाशी तो पुढे काय होणार ते सांगून ठेवतो. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान पाठ असतं, तरी तो उठून जात नाही. बुवा कुठे थांबतात, मध्येच कुठला दाखला आणतात, पुन्हा कथेवर कसे येतात, यासाठी तो बसलेला असतो. तसंच बसा.

दुसरी तयारी वर्तमानपत्राची. कुठल्याही एका दिवसाचा नाशिकचा पेपर घ्या, पावसाळ्यातला असेल तर उत्तम. एकाने गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला ते वाचायचं आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं तेही. दुसऱ्याने लासलगावचा कांद्याचा भाव, तिसऱ्याने निधनवार्ता, चौथ्याने पोलीस डायरीतली सोनसाखळीची चोरी, पाचव्याने फ्लॅटची जाहिरात. आणि एकाने मधूनमधून एकाच माणसाबद्दल एकेक वाक्य बोलायचं: तो शालिमारला उतरला, त्याला भूक लागली आहे, त्याला वाटतं लोक आपल्याकडे बघताहेत. दहा मिनिटं असं चाललं की जो परिणाम होतो, त्यावरच ही कादंबरी उभी आहे. ड्योब्लिनने खरोखरच हे केलं. त्याच्या हस्तलिखितात वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली आहेत. जाहिराती, बाजारभाव, कायद्याची कलमं, गाण्यांच्या ओळी, बायबलमधला सगळं गमावून बसलेला जोब, हे सगळं त्याने फ्रान्झच्या आजूबाजूला तसंच राहू दिलं. जर्मन समीक्षक वाल्टर बेंजामिनने १९३० साली तिच्यावर लिहिताना हाच मुद्दा धरला होता, की या पुस्तकाच्या शैलीचं तत्त्व जोडकाम हे आहे. आमच्या गटातल्या निवृत्त मुख्याध्यापिका मॅडमना आधी ही कल्पना पोरकट वाटली होती. निधनवार्तेला लागून फ्लॅटची जाहिरात आली तेव्हा त्याच म्हणाल्या, "पुन्हा एकदा करू या."

आता दुसरा भाग. इथे घाई अजिबात करू नका, आणि इथलं सगळं मोठ्याने वाचा. रोझेनथालर प्लात्झ या चौकाचं वर्णन चालू असताना ६८ नंबरची ट्राम येते. लेखक तिचे थांबे ओळीने देतो: वीटेनाउ, वेडिंगप्लात्झ, श्टेटिनर स्टेशन, अलेक्झांडरप्लात्झ, फ्रांकफुर्टर आले, लिश्टेनबर्ग, आणि शेवटी हेर्त्सबेर्गेचं वेड्यांचं इस्पितळ. मग तिकिटाचे दर: मोठ्यांना २० फेनिग, शाळकरी मुलांना १०. आमच्याकडे हा उतारा मीच वाचला, आणि लगेच नाशिकरोड ते सीबीएसचे थांबे म्हणून दाखवले: बिटको, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर, द्वारका, सारडा सर्कल, शालिमार. ज्याने रोज हा रस्ता केला आहे, त्याच्यासाठी यातलं प्रत्येक नाव भरलेलं असतं. कुठे कोणाची शाळा, कुठे कोणाचं दुकान. त्या काळच्या बर्लिनच्या वाचकाला ड्योब्लिनची यादी अशीच वाजली असणार. आपल्याला त्या नावांमागचं काही दिसत नाही म्हणून ती कोरडी वाटते. म्हणून तुमच्या गावातल्या एखाद्या बसचे थांबे तिच्या जोडीला म्हणून बघा.

त्याच चौकात माक्स रुस्ट नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आहे. लेखक क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि त्याचं अख्खं आयुष्य सांगून टाकतो. हा पुढे नळकाम करणारा कारागीर होईल, याला सात मुलं होतील, बावन्नाव्या वर्षी याला लॉटरी लागेल, पंचावन्नाव्या वर्षी हा मरेल. घरच्यांनी छापलेली निधनवार्तासुद्धा आपल्याला तिथेच वाचायला मिळते. एवढं होतं, आणि मग तो मुलगा पुस्तकात परत येत नाही. गटातल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलं की याचा फ्रान्झशी संबंध काय? संबंध काहीच नाही, आणि म्हणूनच इथे थांबायचं. मी खिडकीतून हजारो माणसं गाडीत चढताना बघितली. प्रत्येकाच्या मागे एक पूर्ण आयुष्य आहे हे मला माहीत असायचं, पण ते कळायला वेळ कधी मिळायचा नाही. ड्योब्लिनने एका मुलासाठी तो वेळ काढला. फ्रान्झची गोष्ट ही तशा लाखातली एक आहे, हे या दीड-दोन पानांत जितकं पटतं तितकं दुसरीकडे कुठे पटत नाही. संपूर्ण कादंबरीत मला सगळ्यात प्रिय जागा हीच आहे. तिच्यावर अख्खी बैठक गेली तरी जाऊ द्या.

नावाचीही एक हकीकत आहे, ती इथेच सांगून टाकावी. ड्योब्लिनला नुसतं ‘बर्लिन अलेक्झांडरप्लात्झ’ एवढंच नाव हवं होतं. प्रकाशकाचं म्हणणं पडलं की हे तर स्टेशनचं नाव झालं. म्हणून मग ‘फ्रान्झ बिबरकोफची गोष्ट’ हे उपशीर्षक जोडलं गेलं. वाचताना हे दोन्ही धरून ठेवा, कारण पुस्तक खरोखरच त्या दोघांचं आहे, चौकाचंही आणि माणसाचंही.

भिंतीवर एक कच्चा नकाशा लावा. वायव्येला टेगलचा तुरुंग, मध्ये रोझेनथालर प्लात्झ आणि अलेक्झांडरप्लात्झ, पूर्वेच्या बाजूला कत्तलखाना, उत्तरेला बूख, आणि शहराच्या बाहेर लांब ईशान्येला फ्रायेनवाल्डेचं जंगल, जिथे मीत्सेचा खून होतो. आजूबाजूची गावं जोडून १९२० साली मोठं बर्लिन झालं, आणि १९२५ पर्यंत तिथे चाळीस लाख माणसं राहत होती. अलेक्झांडरप्लात्झ तेव्हा भुयारी रेल्वेसाठी खणलेला होता. आशिंगर या स्वस्त खाणावळीसमोर वाफेवरचा हातोडा जमिनीत खांब ठोकत असतो आणि त्याचा आवाज पानापानांतून येत राहतो. सिंहस्थाच्या आधी नाशिक कसं खणलेलं असतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही पानं समजावून सांगावी लागत नाहीत.

लेखक कोण होता तेही एका बैठकीत बोलून घ्या, पण थोडक्यात. जन्म १८७८, श्टेटिनचा, ज्यू घरातला. बाप घर टाकून अमेरिकेला निघून गेला, तेव्हा आई मुलांना घेऊन बर्लिनला आली. ड्योब्लिन डॉक्टर झाला, मेंदू आणि मनाच्या आजारांचा, आणि पूर्व बर्लिनच्या कामगार वस्तीत त्याने दवाखाना चालवला. तरुणपणी तो बूखच्याच वेड्यांच्या इस्पितळात सहायक डॉक्टर होता, म्हणजे फ्रान्झला शेवटी जिथे नेतो तिथले वॉर्ड त्याचे पायाखालचे होते. नवव्या भागात डॉक्टर लोक फ्रान्झच्या खाटेजवळ उभे राहून उपचारांवर वाद घालतात, तो प्रसंग हे माहीत असलं की वेगळाच वाचला जातो.

आता वाचणाऱ्यांच्या प्रतिक्रियांकडे येतो. खरी कसोटी इथेच लागते.

पहिली आणि सगळ्यात गंभीर तक्रार बायकांची असते, आणि ती रास्त आहे. फ्रान्झने एका बाईला मारून टाकलं आहे. सुटून आल्यावर तो तिच्याच बहिणीच्या घरी जाऊन तिच्यावर जबरदस्ती करतो. पुढे राइनहोल्ड आपल्याला नकोशा झालेल्या बायका फ्रान्झच्या गळ्यात घालत राहतो आणि फ्रान्झ काही काळ ते चालू देतो. आमच्यातल्या वकील ताई म्हणाल्या, "या माणसाची मी कीव का करू?" त्यांना कोणी समजवायला जाऊ नये. गट जमवतानाच सगळ्यांना सांगा की यात हे हे आहे, ज्याला ती पानं वाचायची नसतील त्याने त्या दिवशी नुसतं ऐकावं किंवा येऊ नये. ताईंनी एक बैठक सोडली, आणि परत आल्या तेव्हा त्यांनी एक काम स्वतःकडे घेतलं: प्रत्येक भागात बायका काय बोलतात आणि त्यांना किती ओळी मिळतात, ते टिपून ठेवायचं. त्या वहीमुळे आमचं वाचन सुधारलं. इडा, तिची बहीण मिना, फ्रान्झची जुनी मैत्रीण एफा, मीत्से यांना आम्ही फ्रान्झच्या गोष्टीतले टप्पे म्हणून बघत होतो, ते बंद झालं.

याच संदर्भात दुसऱ्या भागाच्या शेवटाकडची एक जागा आहे. इडाच्या मृत्यूचं वर्णन लेखक न्यूटनच्या गतिनियमांनी करतो. लाकडी रवीसारखं मलई घुसळायचं साधन, त्याचा वेग, बरगड्यांवर पडलेला जोर, आणि मध्येच सूत्र. आमच्याकडे ते फिजिक्स शिकवणाऱ्या एका सरांनी वाचलं, वर्गात वाचतात तशा आवाजात. वाचून झाल्यावर एक जण चिडून म्हणाले की बाई मेली आणि हा गणित कसलं मांडतोय? मला ती भाषा ओळखीची होती. अपघाताचा पंचनामा मी पुष्कळ वेळा वाचला आहे. रस्त्याची रुंदी इतकी, ब्रेकच्या खुणा इतक्या फुटांच्या, गाडी डाव्या बाजूस कलंडलेली. मेलेल्या माणसाच्या पिशवीत घरी न्यायला घेतलेली काय वस्तू होती, त्याला पंचनाम्यात जागा नसते. सूत्र जितकं बिनचूक होत जातं तितकी ती बाई जास्त एकटी पडते. म्हणून हा उतारा आवाज न चढवता, सपाट वाचा. रडवेल्या आवाजात वाचलात तर त्यातली धार जाते.

चौथ्या भागात कत्तलखाना आहे. तोही आकड्यांनीच सुरू होतो, ४७.८८ हेक्टर जागा वगैरे. मग डुकरं, मग एक पांढरा बैल, मग एक वासरू. माणसाची गत जनावरासारखीच, दोघांचं मरण सारखंच, हे बायबलमधलं वचन या भागात गुंफलेलं आहे. आमच्यात शाकाहारी मंडळी बरीच होती आणि दोघांना ते ऐकवेना. हा भाग संध्याकाळी जेवणाच्या आधी ठेवू नका, दिवसाउजेडी ठेवा, आणि एका दमात संपवा. तुकडे केले तर तो नुसता किळसवाणा वाटतो. सलग वाचला की त्याचा मीत्सेच्या मृत्यूशी असलेला धागा पुढे सातव्या भागात आपोआप सापडतो, कारण तिथे वासराच्या कत्तलीची वाक्यं परत येतात.

असे परत येणारे शब्द हीच या पुस्तकातली खरी वाट. मृत्यू नावाच्या कापणी करणाऱ्याचं एक जुनं जर्मन गाणं, बायबलमधली बाबिलोनची वेश्या, जोब, आणि घरांची छपरं घसरून आता रस्त्यावर पडतील ही फ्रान्झची भीती. एका माणसाला एक सूत्र वाटून द्या. ते आलं की त्याने हात वर करायचा, बस. अर्थ लगेच विचारू नका. आमच्याकडे छपरं नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या काकांकडे होती. पहिल्या पानांत, ४१ नंबरच्या ट्राममधून शहरात आल्यावर ती भीती पहिल्यांदा दिसते. त्यांनी ती शेवटपर्यंत निष्ठेने धरून ठेवली, आणि ती कमी झाल्याचं सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं.

राजकारणावरून वाद होणारच. फ्रान्झ काही दिवस बाहीवर स्वस्तिकाची पट्टी लावून नाझी पेपर विकतो. त्याला पक्षाशी देणंघेणं नसतं, त्याला शांतता हवी असते. त्या काळी डाव्या टीकाकारांनी ड्योब्लिनवर रोष धरला तो याच कारणाने, की हा कसला कामगार, ना संघटना, ना जाणीव. आमच्यातले एक जुने युनियनवाले हेच म्हणाले, अगदी त्याच तावात. त्यांना बोलू द्या. ही कादंबरी शंभर वर्षांपूर्वी जे भांडण लावत होती ते अजून लावते आहे.

भाषांतराबद्दल. इंग्रजीत १९३१ चं युजीन जोलासचं आहे आणि २०१८ चं मायकेल हॉफमनचं. मोठ्याने वाचायचं असेल तर हॉफमनचं घ्या, त्यातली माणसं बोलल्यासारखी बोलतात. वाचन इंग्रजीतून झालं तरी चर्चा मराठीतच करा. अर्धा भाग एका बैठकीला पुरे. दोन बैठकांच्या मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका, नाहीतर गाण्यांच्या ओळी कानातून जातात. ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांना मागे बसवू नका. आमच्यातल्या एका भाजीविक्रेत्या मावशींना आम्ही प्रत्येक पानाचा सारांश सांगायचो, आणि ल्यूडर्स फ्रान्झला नेमका कुठे फसवणार हे लेखकाने सांगायच्या आधी त्यांनी ओळखलं.

चित्रपट आधी बघू नका. १९३१ चा पील युट्सीचा आहे, त्यात फ्रान्झचं काम हाइनरिश गेओर्गने केलं आणि पटकथेत स्वतः ड्योब्लिन होता. दिग्दर्शक फासबिंडरची १९८० ची मालिका तेरा भाग आणि उपसंहार अशी पंधरा तासांहून मोठी आहे. दोन्हींत फ्रान्झचा चेहरा मिळतो, आणि एकदा चेहरा मिळाला की शहराकडे लक्ष राहत नाही. पुस्तक संपल्यावर मात्र जरूर बघा.

शेवटचा भाग अर्धा करू नका, एकाच बैठकीत वाचा. इस्पितळात मृत्यू फ्रान्झशी बोलायला येतो, त्याच्या आयुष्यातली माणसं एकेक करून समोर येतात, आणि कधी नव्हे ते फ्रान्झ ऐकून घेतो. त्यानंतरची दोन-तीन पानं विचित्र आहेत. फ्रान्झ फाटकावर उभा आहे, बाहेरून पावलांचा आणि ढोलांचा आवाज येतो, माणसं रांगेने चालली आहेत. १९२९ च्या वाचकाला पुढचं माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. राइशटागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ ला, ड्योब्लिन देश सोडून निघाला, आणि मे महिन्यात त्याची पुस्तकं जाळली गेली. म्हणून शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: १९३३ मध्ये फ्रान्झ काय करेल? प्रेसवाले काका म्हणाले, तो फाटक सोडणार नाही, आता त्याला बघता येतं. वकील ताई म्हणाल्या, पट्टी त्याच्या खणात अजून असेल, कोणी सांगितलं तर तो बांधेल. कॉलेजचा मुलगा म्हणाला की एका हाताच्या माणसाला तेव्हा कोण जगू देणार होतं. आम्ही त्या रात्री गच्चीवर फार उशिरापर्यंत बसलो आणि कोणी कोणाचं मत बदललं नाही. ही बैठक शनिवारी ठेवा.